करंगळीची कहाणी

दोन वर्षांपूर्वीच्या नरकचतुर्दशीची पहाट. मुकुंदवाडीतल्या आमच्या घरापुढील चिमुकल्या अंगणात सौभाग्यवतीने रांगोळी घातली होती, धाकटी मुलगी फुलबाजी पेटवून नाचत होती आणि मी ओट्यावर पणत्या मांडीत बसलो होतो. वाऱ्याने एक पणती विझू विझू करीत होती, म्हणून तिला उजव्या हाताचा आडोसा करून मी मुलीची गंमत पाहत राहिलो. थोड्या वेळाने काहीतरी करपल्याचा वास आला. मला वाटले, आत कढईत करंजी करपली! इतक्यात मुलगी किंचाळली, "बाबा, तुमचं बोट!" पाहतो तो माझ्या करंगळीचे टोक ज्योतीत होते. कातडी काळी पडून वर फोड धरला होता. आणि नवल असे की, मला काही म्हणजे काही दुखत नव्हते.

त्याच क्षणी मुलीच्या बोटावर फुलबाजीची एक ठिणगी पडली आणि तिने असा टाहो फोडला की शेजारी धावून आले. तिचे बोट जेमतेम लाल झाले होते, माझे भाजून निघाले होते. पण सर्वांचे लक्ष तिच्याकडे! ते योग्यच होते. ज्याला दुखते तोच ओरडतो, आणि जो ओरडतो त्याच्याकडेच माणसे धावतात.

माझ्या करंगळीला दुखत नव्हते याचे कारण त्याच वर्षीच्या श्रावणात घडले होते. पावसाने गळणारे छप्पर शाकारण्यासाठी मी पत्रा चढवीत होतो. तो निसटला आणि त्याची धार माझ्या उजव्या मनगटावर करंगळीच्या बाजूने फिरली. एका दवाखान्यात कातडीला टाके पडले, जखम भरली. पण आत काय तुटले आहे हे तेथे कोणी पाहिले नाही. करंगळी आणि तिच्याकडची अनामिकेची अर्धी बाजू मात्र मुकी झाली. ती दोन बोटे आकड्यासारखी वाकू लागली. फळ्यावर लिहिताना खडू निसटे. माझ्यासारख्या मॅट्रिक मास्तराची सारी मिळकत ती काय! दिवसा खडू आणि रात्री लेखणी. दोन्ही एकाच हातातली.

तीन आठवड्यांनी एका शल्यविशारदांनी तो हात उलटसुलट करून पाहिला आणि सांगितले, "मास्तर, मज्जातंतू तुटलाय." सूक्ष्मदर्शकाखाली, केसाहून बारीक धाग्याने त्यांनी तो शिवला. पुढे ते म्हणाले, "मी फक्त दोन टोकं समोरासमोर आणून ठेवली आहेत. आतला तंतू मनगटापासून बोटापर्यंत नव्यानं वाढत जायला हवा. रोज साधारण एक मिलिमीटर. तोपर्यंत त्या बोटाची राखण डोळ्यांनी करायची." मी ती केली नाही, म्हणून दिवाळीत बोट भाजले.

भाजल्याचे दुःख नव्हते. दुःख पुढेच वाढून ठेवले होते. वाकडी बोटे, त्यावर भाजल्याची जखम, आणि मास्तरांना ती कळलीसुद्धा नाही, अशी बातमी गल्लीत पसरली. शाळेत डबा खाताना माझ्या शेजारची जागा रिकामी राहू लागली. एका पालकाने आपल्या मुलाची तुकडी बदलून मागितली. शब्द कोणी उच्चारीत नव्हते, पण तो शब्द मला ऐकू येत होता : महारोग. मी संतापलो. शल्यविशारदांचा कागद खिशात घालून हिंडू लागलो आणि ज्याला त्याला दाखवू लागलो, "हे पाहा, पत्र्यानं कापलंय. मला तसलं काही नाही!"

'तसलं काही' हे शब्द तोंडून गेले आणि एके रात्री मला एक म्हातारा आठवला. त्याच्याकडे मी पुढे येणारच आहे. तो आठवल्यामुळेच या मुक्या करंगळीच्या मागे लागून मी मिळतील ती पुस्तके वाचली, डॉक्टरांना प्रश्न विचारून सतावले. त्यातून जी कहाणी हाती आली ती या दिवाळीत वाचकांपुढे ठेवीत आहे.

कोपर कशावर आपटले म्हणजे करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात, हा अनुभव कोणाला नाही? ज्याच्यामुळे त्या जातात तोच हा मज्जातंतू. मानेतून निघून कोपरामागच्या खोबणीतून तो करंगळीपर्यंत येतो. एका दोरखंडात असंख्य बारीक सूत असावे तसे त्याच्यात हजारो तंतू असतात, आणि त्यातील प्रत्येक तंतू म्हणजे पाठीच्या कण्यात वा कण्यालगत राहणाऱ्या एकेका पेशीचा लांबच लांब हात! दोरखंड तुटला म्हणजे काय होते, हे प्रथम नीट पाहिले ते ऑगस्टस वॉलर या इंग्रज वैद्याने. त्याने बेडकाच्या जिभेकडे जाणारे मज्जातंतू कापले. बेडकाची जीभ पातळ. तीत आतले तंतू सूक्ष्मदर्शकाने दिसू शकतात. वॉलरला दिसले की, कापलेल्या जागेपलीकडचा तंतू थोड्याच दिवसांत तुकडे तुकडे होऊन विरून जातो; अलीकडचा, म्हणजे मूळ पेशीला जोडलेला भाग मात्र जिवंत राहतो. त्याने हे १८५० मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले. झाडाची फांदी तोडली तर फांदी वाळते, बुंधा राहतो. तसाच हा प्रकार.

पण बुंध्याला पुन्हा धुमारे फुटतात, तसे येथे होते काय? होते, हे स्पेनच्या रामोन इ काहाल या संशोधकाने दाखविले. १८९० मध्ये त्याला कोंबडीच्या गर्भात वाढत्या तंतूच्या टोकाशी एक फुगीर शंकू दिसला. चाचपडत वाट काढणाऱ्या आंधळ्याच्या काठीसारखे ते टोक पुढे सरकते. १९०६ मध्ये त्याला नोबेल पारितोषिक मिळाले, आणि १९१३-१४ मध्ये मज्जातंतूंचा ऱ्हास आणि त्यांची पुन्हा वाढ या एकाच विषयावर त्याने दोन खंडांचा ग्रंथ प्रसिद्ध केला.

तंतू वाढतो खरा, पण जावयाचे कोठे हे त्याला कोण सांगते? हे काम करणाऱ्या पेशींना थिओडोर श्वान या जर्मन शास्त्रज्ञाचे नाव मिळाले आहे. त्याने १८३९ मध्ये त्यांचे वर्णन केले. 'श्वानपेशी' हा शब्द वाचून मला प्रथम हसू आले. पण विचार करता हे नाव मराठीत अगदी शोभते! एरवी या पेशी तंतूला वेढून त्याची राखण करतात. तंतू तुटला की त्याचे विरलेले अवशेष दूर करण्यास हातभार लावतात आणि मग एकापुढे एक रांगेने उभ्या राहून नव्या तंतूला वाट दाखवितात. इमानी श्वानाने याहून अधिक काय करावे!

या वाटेवरचा प्रवास स्वतःच्या अंगावर मोजणारा एक वेडा पीर इंग्लंडात होऊन गेला. त्याचे नाव डॉ. हेन्री हेड. रुग्ण आपल्याला काय वाटते ते नेमके सांगू शकत नाहीत, म्हणून १९०३ मध्ये, वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी, त्याने आपल्याच हाताचा एक मज्जातंतू कापवून घेतला आणि टोके रेशमाने शिवून घेतली! मग सुमारे चार वर्षे सवड सापडेल तेव्हा तो केंब्रिजला आपल्या मित्राच्या, डॉ. रिव्हर्सच्या, खोलीवर जाई. तेथे डोळे मिटून बसे आणि रिव्हर्स त्याच्या हाताला कधी सुई, कधी बर्फ, कधी ऊन पाण्याची नळी, कधी कापूस लावून विचारी, "काय वाटते?" त्यांना आढळले की, प्रथम परत येते ती ओबडधोबड, झोंबणारी जाणीव, टोचले ते कळते, पण कोठे टोचले ते धड कळत नाही. कापसाचा हलका स्पर्श ओळखणारी नाजूक जाणीव पुष्कळ मागाहून येते. त्यांनी यावरून बांधलेली उपपत्ती पुढे जशीच्या तशी टिकली नाही. पण चार वर्षांच्या त्या नोंदी आजही आदराने वाचल्या जातात.

माझे डॉक्टर दर महिन्याला मनगटापासून करंगळीकडे बोटाने हलके टिचकी मारीत येत. एका जागी टिचकी पडली की मुंग्या येत; तंतूचे वाढते टोक तेथवर पोहोचले असे समजावयाचे. पुढल्या महिन्यात ती जागा इंचभर पुढे सरकलेली असे. ही साधी खूण पहिल्या महायुद्धातली. १९१५ मध्ये फ्रान्सच्या तिनेलने आणि जर्मनीच्या हॉफमनने ती स्वतंत्रपणे वर्णिली. दोघांची राष्ट्रे एकमेकांवर तोफा डागीत होती, आणि दोन्हीकडील जखमी सैनिकांच्या हातांवर दोन वैद्य त्याच एका गोष्टीची वाट पाहत होते!

रोज एक मिलिमीटर म्हणजे किती, ते घरच्या मापाने सांगतो. आपले नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते. तंतू त्याच्या दहापट. तरीही मनगटापासून करंगळीच्या टोकापर्यंत निम्मे वर्ष लागते. कोपराशी तुटले तर वर्षाहून अधिक.

आता त्या म्हाताऱ्याकडे वळू. माझ्या लहानपणी मुकुंदवाडी आजच्याइतकी दाट नव्हती. थंडीत चौकात शेकोटी पेटे. तेथे एक म्हातारा येई. त्याची बोटे आखूड झालेली, दोन तर नव्हतीच. तो शेकोटीतला लाल कोळसा उघड्या हाताने उचली आणि त्यावर सावकाश विडी पेटवी. आम्हा पोरांना तो चमत्कार वाटे. आम्ही टाळ्या पिटीत असू. "आजोबा, पुन्हा करा ना!" असे सर्वांत मोठ्याने ओरडणारा मी होतो. आणि आम्हाला हसविण्यासाठी तो पुन्हा कोळसा उचलीत असे. घरी आई म्हणे, "त्याच्या जवळ जाऊ नका, त्याची बोटं झडतात." बोटे कशाने झडतात, हे आईलाही ठाऊक नव्हते.

महारोगाचा जंतू नॉर्वेच्या आर्माउअर हान्सेनने १८७३ मध्ये शोधून काढला. या जंतूला शरीरातल्या थंड जागा आवडतात, म्हणून कातडीलगतचे मज्जातंतू त्याला सापडतात. आणि कोपराजवळून जाणारा तो करंगळीचा तंतू तर सर्वांत आधी! म्हणूनच माझा हात आणि महारोग्याचा हात सारखा दिसत होता. तुटण्याचे कारण निराळे, तंतू तोच. आणि हा जंतू मज्जातंतूत घर करतो ते नेमके श्वानपेशीत. जी राखण करावयाची, जी वाट दाखवावयाची, तीच पेशी तो बळकावतो. पत्र्याने कापलेल्या तंतूला पुढे रांगेत उभे वाटाडे तरी मिळतात; येथे वाटाडेच गारद!

तरीही बोटे या जंतूने खाल्ली जात नाहीत, हे जगाला पटवून दिले डॉ. पॉल ब्रँड यांनी. ते १९१४ मध्ये तमिळनाडूतील कोल्ली डोंगरावर, मिशनरी आईबापांच्या पोटी जन्मले आणि १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शल्यविशारद म्हणून आले. एकदा एका गंजलेल्या कुलपाची किल्ली काही केल्या त्यांना फिरेना. महारोग झालेला एक लहान मुलगा पुढे आला आणि त्याने ती सहज फिरविली. ब्रँड चकित झाले. मग जमिनीवर रक्ताचे थेंब दिसले. मुलाचे बोट किल्लीने हाडापर्यंत कापले होते, आणि त्याला पत्ता नव्हता! थांब म्हणून सांगणारी वेदनाच नव्हती; म्हणून त्याचे बळ मोठे होते. काही रुग्णांच्या बोटांचे तुकडे रात्रीतून नाहीसे होत. पहारा ठेवला तेव्हा कळले की झोपेत उंदीर कुरतडीत होते. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रुग्णाबरोबर मांजर देण्याची चाल पडली. बोटे झडत नव्हती; भाजून, कापून, चिघळून, रोज थोडी थोडी खर्ची पडत होती. ब्रँड यांनी हाताच्या चांगल्या स्नायूंचे दोर वाकड्या बोटांना जोडून ती सरळ करण्याच्या शस्त्रक्रिया घडविल्या आणि सर्वांहून मोठी शिकवण दिली ती ही : जेथे जाणीव नाही तेथे डोळ्यांनी राखण करा.

महाराष्ट्रानेही या कामात आपला वाटा उचलला. मुंबईत वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय १८९० पासूनचे. आमचे औरंगाबाद १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. त्या राज्यात निजामाबादजवळ डिचपल्लीला इझाबेल कर या मिशनरी बाईंनी १९१५ मध्ये कुष्ठरुग्णालय उभारले. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठधाम काढले. संस्कृत पंडित परचुरेशास्त्री यांना हा रोग जडला तेव्हा सेवाग्रामात स्वतः गांधीजींनी त्यांच्या अंगाला मालीश केले. अमरावतीला डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी १९४६ मध्ये तपोवन वसविले, आणि वरोऱ्याजवळच्या बाबा आमटे यांच्या आनंदवनाचे उद्घाटन १९५१ मध्ये विनोबांच्या हस्ते झाले. मुक्या बोटांच्या माणसांनी तेथे विहिरी खणल्या, शेते पिकविली, माग चालविले.

शस्त्रक्रियेच्या बाजूने उभे राहिले डॉ. नोशिर अंतिया. इंग्लंडात सर हॅरल्ड गिलीज यांच्यासारख्या गुरूच्या हाताखाली शिकून ते परतले आणि १९५० नंतरच्या दशकात पुण्याजवळ कोंढव्याच्या कुष्ठरुग्णालयात हात आणि चेहरे दुरुस्त करू लागले. त्यांच्या ध्यानी आले की, वाकडे बोट सरळ करणे हा शेवट झाला. आरंभ मज्जातंतूत आहे. तो समजून घेण्यासाठी त्यांनी १९७५ मध्ये मुंबईत 'फाउंडेशन फॉर मेडिकल रिसर्च' ही संस्था स्थापिली. तेथे त्यांनी आणि डॉ. वनजा शेट्टी यांनी वर्षानुवर्षे मज्जातंतूंचे कापे तपासले, आणि १९९७ मध्ये महारोगातील मज्जातंतूवर दोघांनी संपादिलेला मोठा ग्रंथ निघाला. अंतिया २००७ मध्ये गेले.

तुटलेल्या तंतूंचे कोडे अद्याप पुरते सुटलेले नाही. हातापायांचे तंतू वाढतात, मग पाठीच्या कण्यातले का वाढत नाहीत? १९८० च्या सुमारास कॅनडात माँट्रियल येथे अल्बर्ट अग्वायो यांनी उंदराच्या पायाच्या मज्जातंतूचा तुकडा कण्यात पुलासारखा बसविला. आजवर न वाढणारे तंतू त्या पुलात शिरून लांबवर वाढत गेले! म्हणजे बळ त्यांच्या अंगी होते; वाट नव्हती. पुढे २०१३ मध्ये एडिंबरोच्या अनुरा रांबुक्काना यांनी उंदरांवरील प्रयोगांत दाखविले की, महारोगाचा जंतू प्रौढ श्वानपेशीला पुन्हा बाल्यावस्थेतील पेशीसारखी करून सोडतो. शत्रूची ही विद्या कधी तंतू दुरुस्त करण्याच्या कामी येईल काय, असा विचार त्यामुळे सुरू झाला.

बळ आहे, वाट नाही. हे वाचले त्या रात्री मी खिशातला तो कागद काढून टाकला. माझ्याजवळ कागद होता म्हणून डब्याच्या पंगतीत मला जागा परत मिळाली. म्हाताऱ्याजवळ कागद नव्हता, आणि असता तरी त्यावर रोगाचेच नाव असते. मग त्याने कोठे जावे? जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या संयुक्त औषधांनी हा रोग सहा ते बारा महिन्यांत बरा होतो. सरकारी दवाखान्यात ती फुकट मिळतात. औषध सुरू झाल्यावर लवकरच तो रुग्णापासून दुसऱ्याला होण्याची भीती उरत नाही. २००५ अखेर देशातील प्रमाण दर दहा हजारांत एकाच्या खाली आले. तरीही वर्षाला सुमारे एक लाख नवे रुग्ण आपल्या देशात सापडतात. जगातल्या निम्म्याहून अधिक. केवळ हा रोग आहे म्हणून घटस्फोट मागता येण्याची तरतूद कायद्यातून निघाली, ती २०१९ मध्ये! जंतू मारणारे औषध मिळाले. पण मेलेला तंतू ते परत आणीत नाही. म्हणून अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नये, लगेच दाखवावा. लाजेने दवडलेल्या महिन्यांची किंमत बोटांनी द्यावी लागते.

आमची शाळा दिवाळीची सुटी लागण्यापूर्वी मुलांना फटाक्यांविषयी चार गोष्टी सांगते. गेल्या वर्षी ते काम माझ्याकडे आले. मी मुलांना म्हाताऱ्याची गोष्ट सांगितली, टाळ्या वाजविणाऱ्या पोरासकट. एका मुलाने विचारले, "गुरुजी, मग तुम्ही त्यांना थांबवलं का नाही?" मी म्हणालो, "मला ठाऊक नव्हतं. आता तुम्हाला ठाऊक आहे."

आणि गेल्याच दिवाळीतली ही शेवटची गोष्ट. तीच पहाट, तोच ओटा. मुलीच्या फुलबाजीची एक ठिणगी उडाली ती नेमकी माझ्या करंगळीवर. मी "आई गं!" म्हणून असा ओरडलो की सौभाग्यवती हातातले झारे घेऊनच बाहेर आली. "अहो, काय झालं?" मी म्हटले, "दुखलं!" तिने बोट पाहिले, माझ्या तोंडाकडे पाहिले आणि तिच्या डोळ्यांत पाणी आले. मुलीला काही कळेना. बाबांना भाजले आणि आई हसते कशी, रडते कशी! बोट अजून थोडे वाकडेच आहे, खडू मी जरा निराळा धरतो. पण त्या दिवशी बराच वेळ मी ती ठणकणारी करंगळी दुसऱ्या हातात धरून बसलो होतो आणि शेकोटीशी बसलेल्या त्या म्हाताऱ्याला, ज्याला एकदाही ओरडता आले नाही, मनातल्या मनात नमस्कार करीत होतो.